बंद दाराआडचा षड्ज

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच ठरला. महाराष्ट्रात पाडव्याची पहाट गाण्याची असते. डोंबिवली-ठाण्यापासून नाशिक-कोल्हापूरपर्यंत मैदानांत, देवळांच्या आवारांत, सोसायट्यांच्या गच्च्यांवर मंडप पडतात. पाच-साडेपाचला तंबोरे जुळू लागतात आणि ललत-भैरवानं नव्या वर्षाचं स्वागत होतं. त्या पहाटे तंबोरे गवसणीतच राहिले.

नाट्यगृहं मार्चच्या मध्यालाच बंद झाली होती. तरी पाडव्यापर्यंत काही मार्ग निघेल, अशी आशा अनेकांनी धरली होती. गाण्याचा हंगाम दिवाळीत उघडतो आणि उन्हाळा तापला की मावळतो. पाडवा आणि रामनवमी हे त्याचे शेवटचे मोठे मुक्काम. तिथल्या बिदागीवर पावसाळा काढायचा, असा कितीतरी घरांचा हिशेब असतो. तो पहिल्याच दिवशी मोडला.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’ असा कळवला, तेव्हा मला ही घरं आठवली. गवयाच्या घराविषयी आपण फार लिहीत नाही. त्याला आपण मंचावर पाहतो, उजेडात, जरीकाठी झब्ब्यात. एरवी अर्धं आयुष्य रेल्वेत काढणारा हा माणूस दीड-दोन वर्षं घरात बसला, तेव्हा त्या घरात नेमकं काय चाललं होतं, हे विचारायला मी पुण्यात, डोंबिवलीत आणि मिरजेत गेले. बोलणं पैशांवर, उसनवारीवर, घरातल्या ताणांवर आलं. म्हणून भेटलेल्यांची नावं इथे घेतलेली नाहीत.

दुपारचा सारंग

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ख्याल गाणाऱ्या एक बाई राहतात. वय पन्नाशीच्या पुढे, तालीम ग्वाल्हेरची. घर दोन खोल्यांचं, त्यात सासूबाई, यजमान आणि कॉलेजात जाणारी मुलगी. टाळेबंदी लागली आणि बाहेरच्या खोलीत यजमानांचं ऑफिस भरू लागलं, आतल्या खोलीत मुलीचं कॉलेज. गाण्याला जागा उरली ती स्वयंपाकघरात. ओट्याखालच्या कपाटाला पाठ लावून त्या तिथे बसू लागल्या.

पहिले काही दिवस तंबोरा काढावासाच वाटला नाही, असं त्या म्हणाल्या. ज्या कार्यक्रमांसाठी राग घोटत होत्या, ते सगळे रद्द झालेले. पुढे तारीखच नसेल तर काय घोटायचं? मग एप्रिलातल्या एका दुपारी भांडी आवरून झाल्यावर त्यांनी सहज शुद्ध सारंगाची आलापी सुरू केली आणि तासभर उठल्याच नाहीत. हा राग मैफलीत शेवटचा कधी गायला होता, हे त्यांना काही केल्या आठवेना.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आपल्या रागांना प्रहर आहेत. भल्या पहाटे ललत, सकाळी भैरव आणि तोडी, उन्हं डोक्यावर आली की सारंगाचे प्रकार, दुपार कलली की भीमपलास, मग मुलतानी, सूर्य बुडताना मारवा-पूरिया. पण सभागृहं उघडतात संध्याकाळी आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी तसं बंधन आहे. सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा आणि सकाळच्या रागांनी संपायचा. तेही दिवस गेले. त्यामुळे मैफलीचा गवई वर्षानुवर्षं यमन, पूरिया, मारू बिहाग, बागेश्री अशा चार-सहा तासांच्या पट्ट्यातल्या रागांत फिरत राहतो. गुरूनं शिकवलेला बिलावलाचा एखादा प्रकार, गौड सारंगाची एखादी अवघड बंदिश वहीतच मिटून जाते. उत्तररात्रीच्या सोहनी-परजाची तीच गत.

टाळेबंदीत घड्याळ पुन्हा रागांच्या बाजूनं झालं. सदाशिव पेठेतल्या बाईंनी जुन्या वह्या काढल्या, प्रहर लावून बंदिशी वेगळ्या केल्या आणि ज्या वेळेचा राग त्या वेळेलाच गायचा, असा नेम धरला. मुलतानीतला कोमल गंधार आणि तीव्र मध्यम कलत्या उन्हात गायले की त्यांचं नातं वेगळं उलगडतं, हे गुरूंनी सांगितलेलं त्यांना पाठ होतं. त्याचा अनुभव त्यांना त्या वर्षी आला.

आणखी एक गोष्ट अनेकांनी आपणहून सांगितली. शहर शांत झालं होतं. लक्ष्मी रस्त्यावर गाडी नाही, बांधकामाची यंत्रं नाहीत. तंबोऱ्याची जवारी नीट लागली असेल, तर एका तारेतून मूळ स्वराबरोबर वरचे कितीतरी स्वर उमलतात. खर्जाच्या तारेत तर कान देणाऱ्याला गंधार स्पष्ट ऐकू येतो. एरवी हे बारकावे रस्त्याच्या घरघरीत बुडून जातात. त्या महिन्यांत ते ऐकू आले आणि ज्यांना ऐकू आले, त्यांचा सूर लावण्याचा कान आणखी चोखंदळ झाला.

मात्र याच शांततेत गायकाचा आवाजही सगळ्या इमारतीला ऐकू येऊ लागला. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ अमेरिकेतल्या कचेरीसाठी रात्रभर काम करून सकाळी झोपायचे. बाईंचा खर्जाचा रियाज पहाटे पाचचा, म्हणजे त्यांच्या डोळा लागण्याच्या वेळेचा. दोघांनी बोलून तोडगा काढला. सोम ते शुक्र पहाटेचा रियाज खिडक्या लावून, हलक्या आवाजात; शनिवार-रविवार मोकळ्या गळ्यानं. वरच्या मजल्यावरच्या आजी मात्र रोज दार किलकिलं ठेवून बसायच्या. त्यांच्याकडे रेडिओ होता, पण समोरच्या माणसाचं गाणं त्यांना अनेक वर्षांनी मिळालं होतं.

चिल्ला आणि टाळेबंदी

स्वतःला कोंडून घेऊन साधना करणं आपल्या संगीताला नवं नाही. उस्तादांच्या घराण्यांत ‘चिल्ला’ करण्याची रीत होती. चाळीस दिवस खोलीबाहेर पडायचं नाही, भेटीगाठी बंद, जेवण दाराशी येणार, बाकी सगळा वेळ वाद्य आणि आपण. मुंबईत वॉर्डन रोडवरच्या ‘आकाशगंगा’ इमारतीतल्या घरात सूरबहारवादक अन्नपूर्णादेवी कित्येक दशकं मैफल न करता राहिल्या. त्याच घरात त्यांनी हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य घडवले. २०१८ साली त्या गेल्या तेव्हा त्यांचं वादन प्रत्यक्ष ऐकलेली माणसं मोजकीच उरली होती. त्यांची विद्या मात्र देशभर पोचली होती.

त्यामुळे २०२०च्या उन्हाळ्यात ‘कलावंतांना काय, रियाजाला वेळ मिळाला’ असं सहज बोललं जाई. कलावंतांना हे वाक्य फार लागलं. डोंबिवलीतल्या एका तबलावादकानं त्याचं उत्तर दिलं ते मला पुरेपूर पटलं. चिल्ला करणारा स्वतः ठरवून बसतो, तो कधी उठणार हे त्याला ठाऊक असतं आणि त्या काळात चूल कोणी पेटती ठेवायची, हेही आधी ठरलेलं असतं. संस्थानिकाचा आश्रय असे, मोठं घराणं असे, निदान गुरूचं घर असे. टाळेबंदीत यातलं काहीच नव्हतं. चिंतेनं छाती भरलेली असताना श्वास लांबत नाही आणि ख्यालाचा सगळा डोलारा श्वासावर उभा आहे. बऱ्याच गायकांनी मला हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं: आवाज ठीक होता, दम पुरत नव्हता.

शिवाय कोविड हा आजारच फुप्फुसांवर बसणारा. लग्नाच्या मांडवात सनई वाजवणारे, देवळात कीर्तन करणारे, ख्याल गाणारे या सगळ्यांना ताप-खोकल्यापेक्षाही मोठी भीती होती ती श्वास कायमचा उणा होण्याची. कोविड होऊन गेलेल्या एका तरुण गायकाला विलंबित एकतालाचं एक आवर्तन एका ओघात सांभाळता येईना. त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आधी नुसता ओंकार, मग मंद्रातले दोन-तीन स्वर, मग चार स्वरांचे पलटे. पूर्वीचा दम यायला कित्येक महिने गेले.

पडद्यावरची तालीम

घरबसल्या उत्पन्नाचं एकच दार उघडं होतं, ते शिकवण्याचं. परदेशातल्या शिष्यांना संगणकावरून शिकवण्याची वहिवाट आधीपासून होती; पंडित जसराज स्काइपवरून शिकवत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. टाळेबंदीत ती वाट सगळ्यांचीच झाली. जे गुरू मोबाइलला हात लावत नसत, त्यांनी नातवंडांकडून झूम शिकून घेतलं.

आणि लगेच कळून चुकलं, की ही साधनं बोलण्यासाठी बनलेली आहेत. एकसारखा, न थांबता येणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं त्यांचं गणित. पंखा, वातानुकूलन यंत्र, गाड्यांची घरघर ऐकू येऊ नये म्हणून ते आवाज आपोआप कापले जातात. तंबोरा हा नेमका एकसारखा, न थांबता येणारा आवाज! गुरू तंबोऱ्यावर गाऊन दाखवत आणि पलीकडे शिष्याला तंबोरा मधूनच नाहीसा झालेला ऐकू येई. लांब धरलेला षड्जसुद्धा गोंगाट समजून कापला जाई. ‘ओरिजिनल साउंड’ नावाची कळ दाबली की ही छाटणी थांबते, हे ज्याला कळलं त्यानं दहा जणांना कळवलं. २०२०च्या उत्तरार्धात संगीतासाठी वेगळी सोयही आली.

तबला शिकवणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. कॅमेरा वरून लावला तर बोटांची ठेवण दिसते, पण मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून डग्ग्याचा खालचा नाद येतच नाही. ‘घे’ वाजवून मनगटानं काढलेली मींड, जी ठेक्याला बोलकं करते, ती विद्यार्थ्याला ऐकू येत नाही. तो बोल शिकतो, वजन शिकत नाही. डोंबिवलीच्या तबलावादकानं शेवटी विद्यार्थ्यांच्या पालकांना एकच विनंती केली: खाऊचे पैसे वाचवा, पण मुलाला बरे हेडफोन आणून द्या.

शिकवण्याची पद्धतच हळूहळू बदलत गेली. गुरू आणि शिष्य एकदम गाऊ शकत नाहीत म्हटल्यावर गुरूनं जागा दाखवायची, माइक बंद करून शिष्याचं ऐकायचं, पुन्हा दाखवायची. ज्या तालमीत शिष्य गुरूच्या आवाजात आवाज मिसळून नकळत शिकतो, ती तालीम बंद झाली. तिच्या जागी ध्वनिमुद्रणं आली. शिष्य घरी गाऊन मुद्रण पाठवी, गुरू ऐकून दुसऱ्या दिवशी बोलत. सदाशिव पेठेतल्या बाईंना यात एक फायदा दिसला. शिष्य स्वतःचं गाणं पाठवण्याआधी पाच वेळा ऐकू लागले आणि चुका स्वतःच धरू लागले. तोटाही त्यांनीच सांगितला. शिष्य गुरूच्या घरी येतो तेव्हा तो चहा करताना ऐकतो, दुसऱ्याची तालीम ऐकतो, गुरूचं स्वतःशी गुणगुणणं ऐकतो. विद्येचा मोठा भाग असा कानावरून जाता जाता मिळतो. पडद्यावर फक्त ठरलेला तास मिळतो.

५ जुलैची गुरुपौर्णिमा बहुतेकांनी पडद्यासमोरच साजरी केली. गुरूंच्या तसबिरीला घरीच हार घातला, एकेकानं पाच-पाच मिनिटं हजेरी लावली. नोकरीनिमित्त दूर गेलेले, एरवी कधी येऊ न शकणारे जुने शिष्य त्या दिवशी आले. तेवढं एक समाधान.

समेवर कुणीच नाही

गायक एका घरात, तबला दुसऱ्या घरात, मग एकत्र मैफल का करता येत नाही, असं अनेक रसिक विचारत. त्याचं उत्तर आकड्यांत आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचावर गायक आणि तबलावादक दीड मीटर अंतरावर बसले, तर ठेका गायकाच्या कानी पोचायला चार-पाच मिलिसेकंद लागतात. हा उशीर पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या पलीकडे गेला, की दोघांना एक लय धरणं अवघड होऊ लागतं. व्हिडिओ कॉलवर तो सहज शंभर-दोनशेच्या घरात जातो आणि सतत कमीजास्त होतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे गायक समेवर आला, की तबल्याची सम जवळजवळ मात्राभर मागून येणार.

म्हणून लोकांनी तुकड्यातुकड्यांनी मुद्रण सुरू केलं. तबलावादक आधी ठेका भरून पाठवी, त्यावर गायक गाई, त्यावर हार्मोनियमवाला साथ भरी. असे अनेक सुंदर व्हिडिओ त्या काळात निघाले. पण ख्यालाच्या दृष्टीनं हे सगळं उलटं आहे. विलंबितात तबलावादक गायकाचा श्वास पाहून ठेका किंचित सैल किंवा घट्ट करतो. हार्मोनियमवादक गायकाच्या सावलीसारखा मागून चालतो आणि मधेच त्याला एखादी दिशा सुचवतो. दोन दिवस आधी भरलेला ठेका गायकाचं काही ऐकत नाही. गाणं सुबक होतं, संवाद होत नाही.

ज्यांच्या घरातच संगतकार होता, ते नशीबवान. एकाच घरातले वडील-मुलगा, बहीण-भाऊ, नवरा-बायको असे जोड त्या काळात सर्वांत जास्त ऐकू आले. एरवी तबला शिकत असलेला धाकटा मुलगा वडिलांच्या ख्यालाला ठेका धरू लागला आणि वर्षभरात साथीला तयार झाला, अशी घरं मी पाहिली. विद्या वारशानं येते ती अशा सक्तीच्या सहवासातही येते.

बाकीचे भिंतीकडे किंवा मोबाइलकडे तोंड करून गायले. थेट प्रक्षेपणात समोर हृदयाची आणि टाळ्यांची चित्रं वर जात राहतात. ती पाहू नयेत म्हणून एका गायिकेनं मोबाइलवर कागद चिकटवला होता. मैफलीत श्रोता नुसता ऐकत नसतो. तो बोटांवर मात्रा धरतो, समेची वाट पाहतो, समेवर त्याची मान हलते, एखाद्या निषादाला त्याच्या तोंडून हलकेच दाद निघते आणि गायक तिथेच थोडा अधिक रेंगाळतो. पुढची जागा त्या रेंगाळण्यातून सुचते. श्रोता समोर नसला, की गायक ठरवून आलेलं गाऊन उठतो. ख्यालाची रचना अर्धी मोकळी ठेवलेली असते आणि ती भरायला समोरचा माणूस लागतो, हे इतक्या लख्खपणे एरवी कधी कळलं नसतं.

संगतकाराची वही

डोंबिवलीच्या तबलावादकानं मला त्याची कार्यक्रमांची वही दाखवली. प्रत्येक पानावर तारीख, गाव, गायकाचं नाव, मिळालेलं मानधन, प्रवासखर्च. मार्च २०२०च्या पानावर आठ नोंदींवर काट आहे. एप्रिल आणि मेची पानं कोरी. वही पुन्हा भरू लागते ती कितीतरी पानांनंतर, आणि तीही तुरळक.

गायकाला नाव असतं, शिष्य असतात, कधी एखादी शिष्यवृत्ती किंवा पुरस्कार असतो. संगतकाराला कार्यक्रम असतो, बस्स. करार नाही, पगार नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. रद्द झालेल्या कार्यक्रमाचा आगाऊ पैसा बहुधा नसतोच, कारण आगाऊ देण्याची रीतच नाही. हा तरुण एका शाळेत तासिका तत्त्वावर तबला शिकवायचा. शाळा बंद झाली, तास बंद झाले, तेही पैसे थांबले. घराचा हप्ता चालू होता. बायको पतपेढीत नोकरीला, तिच्या पगारावर घर चाललं. त्यानं गायकांना रियाजासाठी वेगवेगळ्या लयींतले ठेके भरून द्यायला सुरुवात केली, काही ऑनलाइन शिकवण्या धरल्या. एका ज्येष्ठ गायकानं काही न बोलता दोन महिने खात्यावर पैसे पाठवले. ते सांगताना त्याचा आवाज भरून आला.

मदतीचे प्रयत्न झाले. चेन्नईत गायक टी. एम. कृष्णा यांनी सुमनसा फाउंडेशनमार्फत कलावंतांसाठी निधी उभारला. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली एकल कलाकारांना प्रत्येकी पाच हजार रुपयांची एकवेळची मदत जाहीर केली. ठिकठिकाणी रसिकांनी आपापसांत वर्गणी काढून किराणा पोचवला. पण या सगळ्यासाठी आधी हे ठाऊक हवं, की अमुक गावात अमुक हार्मोनियमवादक आहे आणि त्याचं घर यावरच चालतं. अशी यादी कोणाकडेही नव्हती. ध्वनियंत्रणेवर बसणारा, तंबोऱ्यावर साथ करणारी विद्यार्थिनी, मंडपवाला, सभागृहातला कामगार यांची तर कधीच नव्हती.

मिरजेच्या गल्लीत

मिरजेला सतारमेकर गल्लीत शिरलं, की दोन्ही बाजूंना उघड्या दुकानांतून भोपळे टांगलेले दिसतात. एकोणिसाव्या शतकात तलवारी आणि शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी फरीदसाहेब या कारागिराच्या काळापासून तंतुवाद्यांकडे हात वळवले. आज देशभरच्या गवयांचे तंबोरे इथून जातात. भोपळे येतात पंढरपूरच्या परिसरातून, भीमाकाठच्या शेतांतून. ते वाळवायचे, कापायचे, त्यांना तुणीच्या लाकडाचा गळा आणि दांडी जोडायची, नक्षी करायची, पॉलिश चढवायचं आणि सर्वांत शेवटी जवारी. घोडीच्या पृष्ठभागाला कानसेनं किंचित उतार द्यायचा, तार त्यावर किती टेकते हे ऐकत राहायचं. हे काम डोळ्यांनी होत नाही, कानांनी होतं. तंबोऱ्याच्या तोंडून स्वर बोलतो की नुसता वाजतो, हे इथे ठरतं.

टाळेबंदीत मिरजेचं जंक्शन थांबलं, मालवाहतूक अडली आणि तयार तंबोरे दुकानांतच उभे राहिले. नवी मागणी येईना, कारण मैफल नाही आणि संगीतवर्गही बंद. एका कारागिरानं सांगितलं, की त्या काळात त्यांना सर्वांत जास्त फोन आले ते दुरुस्तीचे. घरी बसलेल्या लोकांनी माळ्यावरची आजोबांची वाद्यं खाली काढली होती. कुणाच्या भोपळ्याला तडा, कुणाच्या तारा गंजलेल्या. पण वाद्य पाठवायचं कसं? मग त्यांनी व्हिडिओ कॉलवरून तारा कशा बदलायच्या, घोडी सरकली असेल तर जागेवर कशी आणायची, तारेखालचा जीवाचा दोरा कुठे सरकवायचा, हे शिकवलं. पैसे घेतले नाहीत. जवारी मात्र फोनवरून सांगता येत नाही, असं ते ठामपणे म्हणाले.

या गल्लीतली काही तरुण मुलं त्या दोन वर्षांत दुसऱ्या कामाला लागली. त्यातली काही परतली, काही नाहीत. हात एकदा सुटला की सहज परत येत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ही आनंदाची गोष्ट. पण मानांकन नावाला संरक्षण देतं. जवारी करणारा कान पुढच्या पिढीत उतरवायचा, तर त्या मुलाला या कामावर घर चालवता आलं पाहिजे.

रिकाम्या जागा

त्या दोन वर्षांत गेलेली माणसं आठवल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. पंडित जसराज टाळेबंदी लागली तेव्हा अमेरिकेत होते आणि तिथेच अडकले. १७ ऑगस्ट २०२० रोजी, नव्वदाव्या वर्षी, न्यू जर्सीत ते गेले. त्यांचं पार्थिव विमानानं मुंबईत आणलं गेलं. लाखोंच्या गर्दीत गायलेल्या या गवयाला निरोप द्यायला मोजकीच माणसं जमू शकली. जानेवारी २०२१मध्ये उस्ताद गुलाम मुस्तफा खाँ गेले. मार्चच्या अखेरीस औरंगाबादला पंडित नाथराव नेरळकर गेले. मराठवाड्यात ज्यांनी गाणं शिकवलं आणि ऐकायला शिकवलं, त्यांच्यातले ते मोठे. मग दुसरी लाट आली. २५ एप्रिल २०२१ला दिल्लीत पंडित राजन मिश्र कोविडनं गेले. राजन-साजन या जोडीत एकाचा स्वर दुसरा उचलायचा. आता साजनजींना एकट्यानं गायचं होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात सतारवादक पंडित देबू चौधुरी आणि त्यांच्यापाठोपाठ त्यांचे सतारवादक पुत्र प्रतीक गेले. एका घरातल्या विद्येच्या दोन पिढ्या आठवडाभरात संपल्या.

यांच्या बातम्या आल्या. ज्यांच्या आल्या नाहीत, अशा गावोगावच्या संगीतशिक्षकांची, तबल्याच्या पुड्या चढवणाऱ्यांची, कीर्तनातल्या पेटीवाल्यांची संख्या कुणी मोजलेली नाही. त्यांच्याबरोबर किती बंदिशी, किती कायदे, किती हातखंडे गेले, हेही आता कळायचं नाही.

गाणं टिकलं, माणसांचं काय?

५ नोव्हेंबर २०२०ला निम्म्या प्रेक्षकांच्या अटीवर नाट्यगृहं उघडली, एप्रिल २०२१मध्ये पुन्हा बंद झाली आणि त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला पुन्हा उघडली. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव १९५३ पासूनचा. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांत तो झाला नाही. अडुसष्टावा महोत्सव डिसेंबर २०२२मध्ये झाला तेव्हा मंडपात बसलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी होतं. आता सगळं पूर्ववत झालं, असं त्या गर्दीकडे पाहून वाटतं.

माझं मत वेगळं आहे. बंद दाराआड गाणं टिकलं, हे खरं. स्वयंपाकघरात, गच्चीत, माळ्यावर टिकलं. काही बाबतींत ते खोलही झालं: वेळेचे राग परतले, सुराकडे लक्ष गेलं, घराघरांत मुलं तयार झाली. पण ते टिकलं ते कलावंतांनी स्वतःच्या आणि घरच्यांच्या खर्चानं टिकवलं. ज्या व्यवस्थेत संगतकार, कारागीर, शिक्षक यांच्याकडे एका हंगामाच्या खंडाइतकीही शिल्लक राहत नाही, ती व्यवस्था महासाथीनं मोडली नव्हती. ती आधीपासूनच तशी होती, महासाथीनं ती उघडी पाडली. आणि सभागृहं उघडल्यावर आपण तिच्याकडे पाठ फिरवली.

बदल सुरू करायला मोठ्या संस्थेची वाट पाहायला नको. आयोजकांनी संगतकारांची नावं जाहिरातीत गायकाइतक्याच ठळकपणे छापावीत, मानधनाचा निम्मा भाग आगाऊ द्यावा आणि कार्यक्रम रद्द झाला तरी तो परत मागू नये. प्रत्येक गावातल्या संगीतमंडळानं आपल्या परिसरातल्या कलावंतांची आणि कारागिरांची यादी करावी, वर्गणीतला ठरावीक भाग त्यांच्या अडचणीसाठी बाजूला ठेवावा. सकाळच्या आणि दुपारच्या मैफली पुन्हा सुरू कराव्यात. सुटीच्या दिवशी ऐकणारे येतात. घरात जुना तंबोरा असेल तर तो मिरजेला पाठवून जुळवून घ्यावा, म्हणजे तो वाजेल आणि गल्लीतल्या एका हाताला काम मिळेल.

आणि वाचकहो, यंदाची दिवाळी आटोपली की आपल्या घरी एक बैठक ठेवा. वीस-पंचवीस माणसं पुरेत, ध्वनिक्षेपक लागत नाही, सतरंजी शेजाऱ्यांकडून आणता येते. आपल्या गावातल्या एखाद्या गायिकेला बोलवा आणि तिच्याबरोबर येणाऱ्या तबलावादकाचं, हार्मोनियमवादकाचं, तंबोऱ्यावर बसणाऱ्या मुलीचं मानधन आधी ठरवून त्याच दिवशी त्यांच्या हातात द्या.